बेवारस माल, नग एकेचाळीस

भुसावळच्या पार्सल ऑफिसात सहा महिने पडून होता खोका,
खंडव्याहून नंदुरबारला निघालेला.
पावतीवरचं नाव पाण्यानं फुटलेलं,
शेवटचं अक्षर तेवढं लागायचं : रे.
लिलावात मी नव्वद रुपये बोलले,
पुढे कुणी बोललंच नाही.
आत कॅसेटी. एकेचाळीस.
आणि प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं, गाण्यागणिक,
बरोबरची खूण नाहीतर फुली.

म्हणजे हा गृहस्थ आधीच सगळ्यांचे पेपर तपासून बसलेला.

पहिल्याच रात्री आमचं वाजलं.
ख्यालाच्या कॅसेटीत बुवा विलंबितात खोकतात,
एकदाच, समेच्या जरा अलीकडे,
आणि तबलजी ठेका हलका करतो,
आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा.
तिथं यानं फुली मारली आहे!
अरे बाबा, अख्ख्या रागात माणूस सापडतो तो तिथंच.

गझलांवर मात्र खुणाच खुणा.
मला नाही पटत.
शब्दाला रडू फुटायच्या आत गायकच रडतो,
बासुंदीवर वरून पाक.
डिस्कोबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

काळ्या कव्हराची, कवटीवाली, किंचाळत्या गिटारींची
लावली तेव्हा सुगंधाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या,
"कोन मेलं वं माय?"
मला आवडली.
लोको शेडच्या मागं जन्म काढलेल्या बाईला
लोखंडावर लोखंड घासलं तर परकं का वाटावं?
बी बाजूचं चौथं गाणं तेवढं उगाच लांबवलंय,
सिग्नल नाही म्हणून यार्डात उभी मालगाडी.
कार्ड पाहिलं. त्याचीही फुली.
त्या रात्री मी दोघांचा चहा टाकला असता.

पण "हयदना पिवया हात",
आमची अहिराणी लग्नगाणी,
दोन्ही बाजू, दहाच्या दहा, नापास.
मग आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही,
म्हणजे खोकाच उघडला नाही.
पुढे पारोळ्याला एका हळदीत
त्याच कॅसेटीवरचा क्लॅरिनेटवाला भेटला, दगडू मिस्तरी.
म्हणाला, "ताई, त्या दिन मन्ही दाढ दुखी ऱ्हायनी व्हती.
सूर नही, बोंब शे ती."
घरी येऊन पुन्हा ऐकली.
बोंबच आहे.
तरी फुली चूक आहे.

मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
पत्र्याखालच्या कपाटात कव्वालीची फीत ताणली गेली.
पेटी आता तापीच्या तळातून आल्यासारखी,
टाळ्या एकमेकींची वाट पाहत पडतात,
आणि मुख्य कव्वाल वीस वर्षांनी म्हातारा झालाय,
मागतो तेच, पण मिळेल अशी आशा सोडून.
परवा भाच्यानं मोबाइलवर मूळची ऐकवली. खणखणीत.
म्हटलं, बंद कर रे, यांना कुठं गाडी पकडायचीय?
कार्डावर त्याची खूण आहे,
पण ती त्याच्या कव्वालीला.
ही माझी.
हिला आमच्याकडचा उन्हाळा लागलाय.

आता रिटायर झाले. टेपचा पट्टा दोनदा बदलला.
चाळीस कॅसेटींचं भांडण मिटलं किंवा जुनं झालं,
जुन्या भांडणात गोडी असते, शेजाऱ्यांना विचारा.
राहिली एक.
तिला कव्हर नाही, नुसतं पांढरं कार्ड.
एकटा ट्रम्पेट, बराच वेळ,
मग कुणीतरी उशिरा आल्यासारखा पियानो.
कार्डावर काही नाही. ना खूण, ना फुली.
ऐकायची राहून गेली त्याची?
की ऐकून पेन्सिल खाली ठेवली?

अकरा वर्षं ऐकतेय.
कधी वाटतं, अप्रतिम. कधी वाटतं, हा भरकटला.
काल मध्येच उठून गॅस बंद करायला गेले
आणि स्वयंपाकघरातून ती जास्त चांगली वाटली.

पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.
सुरतेची पॅसेंजर गेली की आवाज निवतो,
मग लावते.