आत ओढलेला हो

कायानीच्या वृद्धाश्रमात, खोली क्रमांक नऊ,
हिल्कानं तिसऱ्याच दिवशी यंत्राच्या तोंडावर
लोकरी मोजा चढवला.
"फार बोलतं," एवढंच म्हणाली नर्सला.

मी नोंदी उघडल्या.
ती म्हणाली होती, तौनो गेला त्या वर्षी
नदीवरचा बर्फ उशिरा फुटला.
आणि आमचं यंत्र, सात दशांश सेकंदात:
"ऐकून वाईट वाटलं. याबद्दल अधिक बोलायला आवडेल का?"
सात दशांश.
एवढ्यात तर ढवळलेला चमचाही बशीत टेकत नाही.

आमच्या तक्त्यात भावनांना रंग होते,
दुःख निळं, राग तांबडा,
आणि कुणीच बोलत नाही तिथं राखाडी:
'संभाषण तुटले.'
सगळ्यांत जास्त राखाडीच.
तो राखाडी मी कान लावून ऐकला, एका रविवारी, एकटीनं.
एकेचाळीस सेकंद.
घड्याळ. फ्रिजची घरघर. नाक ओढणं.
मग हिल्का, खालच्या पट्टीत:
"बूट मात्र त्याचे अजून दाराशीच ठेवले होते मी."

तुटलं नव्हतं काही.
पोहरा खाली गेलेला,
दोर सरकत होता हातातून.

मग मी त्याला थांबायला शिकवू लागले.
"गिऱ्हाईकाला वाटेल, बंद पडलंय," राउनो म्हणाला.
वाटू दे.
पण नुसतं थांबून भागत नाही, हुंकार लागतो,
आणि आमच्या उत्तरेकडचा हुंकार उलटा:
'यो' म्हणायचं ते श्वास आत घेत,
समोरच्याचं थोडं आपल्या छातीत ओढून घेतल्यासारखं.
ज्याला फुप्फुसंच नाहीत
त्यानं ओढायचं कशात?

शेवटी माझाच दिला, उसना.
माइकसमोर बेचाळीस वेळा, कोटसुद्धा न काढता.
त्यातला एक निवडला, जरा अडखळलेला.
तोच का, ते राउनोला सांगितलं नाही.

फेब्रुवारी, बाहेर उणे सव्वीस.
हिल्का पुन्हा बुटांवर आली.
यंत्र थांबलं. नऊ सेकंद.
मग 'यो', आत.

ती वळून पाहत राहिली असावी;
नोंदीत नुसता राखाडी आहे, लांबलचक.
आणि मग:
"थंडी वाजतेय का रे तुला?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.
रंगही नव्हता.
पुढं लोकरीची खसखस तेवढी ऐकू येते.
नर्स सांगते, मोजा तोच,
या खेपेला गळ्याभोवती.