एंडेलच्या हाताची नोंद

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
दिवा लावला, तक्रार उघडली.
हाप्सालूचा एंडेल, पूर्वीचा घड्याळजी,
लिहितो: बोट मी एकदाच टेकवतो,
तुमचं लिनक्स दोनदा ऐकतं.

शंभरदा करून पाहिलं. काही नाही.
माझा हात ठणठणीत, हीच अडचण.

मग त्याने नोंद पाठवली,
वेळ, आडवं अंतर, उभं अंतर, दाब,
चार हजार ओळी नुसते आकडे.
मी त्या चालवल्या
आणि टचपॅडला हात न लावता
माझ्या पडद्यावर बाण कापू लागला,
बटणाच्या काठाशी घुटमळला,
पुढे सरकला, मागे आला,
चिमट्यात बारीक स्क्रू धरून
कुणी श्वास रोखावा तसा.

कॉफी गार झाली.

दुरुस्ती अकरा ओळींची:
बोट उचललं असं वाटलं तरी
लगेच खरं मानू नये.
थांबावं. काही मिलिसेकंद.
योआकिमची हरकत, घाईतल्या माणसांना हे जाणवेल.
जाणवू दे, मी लिहिलं. मग ते खोडून
मोजमापांचा तक्ता जोडला.

फेब्रुवारीत बदल आत गेला.
एंडेलला कळवलं. उत्तर नाही.
मेमध्ये पुन्हा कळवलं.

नोंद मात्र चाचण्यांमध्ये राहिली.
जगात कुणीही आमची एक ओळ बदलली
की ती आधी चालते,
पडदा नसलेल्या कुठल्याशा यंत्रावर.
तो हात कापत कापत बटणापर्यंत येतो
आणि एकदाच
टेकतो.