तुरा

शहाजी वाघमोडे, वय अडतीस, स्कॅफोल्डर,
सोहार बंदराची नवी जेटी.
पडद्याआड उभा. पँट गुडघ्याशी,
हेल्मेट मात्र डोक्यावरच राहिलेलं.

डॉक्टर शेरीफ कैरोचे.
ह्याची हिंदी कॅम्पातली, अर्धी हातवाऱ्यांची.
मधे मी, मिरजेत शिकलेली रेबेका सातपुते,
आणि माझ्यापाशी त्या अवयवासाठी
एक धड शब्द नाही.

आमच्याकडे त्याला 'जागा' म्हणतात.
नाव शिवीत असतं, नाहीतर संस्कृतात;
मधल्या, भाकरी थापतानाच्या मराठीत
तिथे नुसती खाकरण्याची सोय आहे.

डॉक्टर म्हणाले, फ्लॉवरसारखं दिसतंय.
मी म्हटलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं म्हणतात.
शहाजी छताकडे बघत म्हणाला,
"नाही ताई. कोंबड्याचा तुरा.
आधी तिळाएवढा होता. दुखत नव्हता, खाजायचा जरा.
घामोळं समजून पावडर मारली.
चार महिन्यांत अख्खं खुराडं."
आणि हसला. आम्ही हसलो नाही, म्हणून थांबला.

मग एकेक निघालं.
चुना आणि पापडखार लावून झाला होता.
खोलीतल्या एकानं घोड्याचा केस बांधायला सांगितलेला;
इथले घोडे शेखांचे, केस मागायचा कुणाकडे?
शेवटी ब्लेड. शुक्रवारी, संडासात,
दातांत टॉवेल धरून.

"कुणाकडून?" हे डॉक्टरांनी विचारलं नाही.
शहाजीनं विचारलं.
मी प्रश्न इंग्रजीत नेला, उत्तर मराठीत आणलं:
विषाणू आहे. संबंधात कातडीला कातडी लागून येतो.
कधी काही आठवड्यांत वर येतो, कधी महिन्यांत,
कधी वर्षं काढतो गुपचूप.
पेरणी कधीची, कुणाच्या हातची,
उगवणीवरून सांगता यायचं नाही.
(पेरणी माझी. डॉक्टर नुसती मान हलवत होते.)

तो बोटं मोजू लागला.
मंदाकिनी. मागच्या उन्हाळ्यातली सुट्टी.
मग एक बोट उरलं,
ते त्यानं मुठीत घेतलं.

बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत डब्यातून
उणे एकशे शहाण्णवचा धूर.
तुऱ्यावर पांढरं दहिवर धरलं.
"आयला," तो म्हणाला,
"नऊ वर्षांत इथं पहिल्यांदा गारठलो."

डॉक्टर म्हणाले, मी म्हणाले:
दोन आठवड्यांनी परत. गळतील. पुन्हा येतीलही.
औषध तुऱ्याला आहे, विषाणूला नाही,
त्याला अंगच हाकलतं, सावकाश, बहुतेकांचं.
ब्लेड बंद. तंबाखू बंद. निरोध वापर,
पण तोही पुरता आडवत नाही.
हा प्रकार सहसा कॅन्सरचा नव्हे;
ह्याच घराण्यातले दुसरे भाऊ मात्र
बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी
वर्षानुवर्षं दबा धरतात.

"मग तिला काय सांगू?"

हा प्रश्न मी इंग्रजीत नेलाच नाही.
म्हटलं, तपासून घ्यायला सांग. मंगळवेढ्यात नको तर सोलापुरात.
मुलगी केवढी? अकराची? तिच्यासाठी लस आहे.
"लस कशाला, ते सांगावं लागेल की."
लसीला कारण लागत नाही, मी म्हटलं.
बायकोला लागेल.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतोय?
थँक्यू म्हणतोय, मी म्हटलं.

तिसऱ्या खेपेला एकच उरला होता, मुगाएवढा.
शहाजीनं पिशवी टेबलावर ठेवली,
गावाहून आलेल्या कुणाकडून मागवलेलं ज्वारीचं पीठ.
हेल्मेट या वेळी हातात.

"सांगितलं?"
"अर्धं."
"कुठलं अर्धं?"
तो पिशवीची गाठ सोडत बसला, पुन्हा मारत बसला.
"फोन ठेवला तिनं. आठ दिवस उचलला नाही.
काल आपणहून केला.
पोरीच्या लसीचं विचारून आले म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली,
दुखतं का?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही.
गार लागतं."