सोमवारचं व्होल्टेज

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, फाउंड्रीची धुराडी गार,
पत्र्यावर एक मांजर,
तेही सुट्टीवर असल्यासारखं.
दस्तगीर शिकलगार मीटर लावून बघतो
आणि सांगतो: दोनशे तेहतीस.
आज काटा हलत न्हाई,
आज लाव काय लावायचं ते.

बाकीचे सहा दिवस
शेजारचा पॉवरप्रेस बसला की
व्हॉल्व्हच्या काचेतला उजेड मान खाली घालतो
आणि खर्जाची तार
सादळलेल्या पापडासारखी वाजते.

हा ॲम्प आयझॅक समुद्रेचा.
'निशिगंध' ऑर्केस्ट्रात तो मागं,
ढोलकीच्या आडोशाला उभा राहायचा.
गडहिंग्लजची जत्रा, इचलकरंजीचे गणपती,
टेम्पोत, डान्सच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर
बसून फिरलेलं हे धूड.
त्याच्या लेकीनं पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, आम्ही यावर
इस्त्रीचे कपडे ठेवायचो.

दस्तगीरनं ट्रान्स्फॉर्मर नव्यानं गुंडाळला,
वेढे मोजताना चहाला हात लावला नाही.
दोन कपॅसिटर काढून माझ्या तळहातावर ठेवले,
उपटलेल्या दाढांसारखे.

स्वच्छ आवाज म्हणजे काय
हे मला चाळिशीनंतर कळायला लागलं.
आवाज कमी केला की तो स्वच्छ होत नाही,
नुसता लांबचा होतो.
वाढवत जायचं.
जोरात छेडलं तर कड जराशी खरवडेल
आणि हलक्या बोटाला काच राहील,
तिथं थांबायचं.
गुळव्या काहिलीतला थेंब पाण्यात सोडतो,
बोटांत गोळी फिरवून बघतो
आणि म्हणतो, उतरा.
कुणी विचारलं, कसं कळलं,
तर चिडतो.

ट्रेबल सहावर. बास तीनच्या खाली,
नाहीतर शटरचा पत्रा साथीला बसतो.
मग ट्रेमोलो.

यात सूर जागचा हलत नाही, बरं का.
देवल क्लबात ऐकलेलं आंदोलन ते वेगळं.
इथं स्वर आपल्या पाटावर बसलेला,
त्याच्यावरचा दिवा तेवढा
कुणीतरी वरखाली करतं.

दोन नॉब: वेग आणि खोली.
दोन्हींपाशी लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका,
बायकोच्या बाटलीतला असणार,
अंधाऱ्या स्टेजवर बॅटरी मारली की दिसावा म्हणून.
मी दोन्ही नॉब ठिपक्यांवर आणले.
लागला नाही.
घाईचा, खड्ड्यांचा आवाज,
जसं कुणी रिक्षातून बोलतंय.

"त्ये ठिपके जत्रेतल्या लायटीचे हाईत,"
दस्तगीर म्हणाला.
"जनरेटरवर समदं दमल्यागत चालायचं.
त्यानं तेवढं चढवून घेतलं आसंल."

थिनरची बाटली हाताशीच होती.
मी ठिपके पुसले नाहीत.

वेग मागं घेतला, खोली निम्म्यावर.
एक स्वर सोडला आणि मोजलं:
एका श्वासात नऊ वेळा
गेला असं वाटून तो परत आला.
त्याच्या पाठीमागं बारीक टकटक,
भिंतीपल्याडच्या घड्याळासारखी.
"ती काढू?" सोल्डरिंग गन उचलत दस्तगीर.
मी बराच वेळ बोललो नाही.
त्यानं गन खाली ठेवली.

दारात शेजारच्या कारखान्यातलं पोरगं,
सुट्टीचंही मशीन पुसायला आलेलं,
कोपरापर्यंत ग्रीस.
"चाचा, बिघडलंय व्हय?
आवाज जातोय, येतोय."
"बिघडलं न्हाई. मुद्दाम केलंय."
"मुद्दाम?"

त्यानं पायातल्या चपला काढल्या,
ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला,
त्यावर बसला,
आणि माझ्या बोटांकडं बघत म्हणाला,
"परत जाऊ द्या बघू."