पीळ

दस्तगीरभाई डोळे मिटतात,
शिशाची मऊ गोळी नळीच्या तोंडाशी ठेवतात
आणि सळईनं हळूहळू पुढे सरकवतात,
कासारीण हात दाबून बघते ना
बांगडी कुठे अडेल, तसं.
"इथे सैल आहे. इथे परत धरतेय.
शेवटची दोन बोटं घट्ट. चांगलंय."
भवानी पेठेतल्या त्या खोलीत तेव्हा पंखा बंद असतो.
पंख्याची थरथर सळईत उतरते म्हणतात.

पस्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात त्यांनी मापं तपासली.
मी सहकारी बँकेत लोकांच्या सह्या तपासते.
आमचं जमतं.

बालेवाडीला मात्र निवड उघड्या डोळ्यांनी होते,
आणि डोळे शेजारच्या लेनवर असतात.
कुठल्याशा थंड देशातली एक मुलगी
आखूड नळीनं जिंकली,
तर दिवाळीच्या आत आमच्यातल्या अकरा जणांनी
नळ्या कापून घेतल्या.
मीही. खोटं कशाला बोलू?
दस्तगीरभाई म्हणाले, "ताई, चालतेय की ती."
मी म्हटलं, "सगळेच कापताहेत."
त्यांनी चष्मा पुसला, करवत घेतली.
चार इंच.
ती घट्ट दोन बोटं त्या चार इंचांतच होती,
हे मला रिक्षात, स्वारगेटच्या सिग्नलला आठवलं.

मग नळीच्या टोकाला वजनं आली.
मग वजनं गेली, फिरवायची कडी आली,
एक घर डावीकडे, दोन घरं उजवीकडे,
आमचे बर्वे रात्री झोपेत मोजायचे म्हणे.
मग काडतुसांचे लॉट:
एकच लॉट माझ्या नळीला मानवतो, असं सांगत
मोहोळकर मॅडम लग्नाच्या बस्त्यासारख्या
पेट्यांवर पेट्या उघडायला लावत.
आणि पाचव्या वर्षी लांब नळ्या परत आल्या.

तेव्हा दस्तगीरभाईंनी दारावर पाटी लावली:
कापलेली नळी जोडून मिळत नाही.
खाली बारीक अक्षरात:
विचारूही नये.

मी एफडी मोडली.
परवान्याला अकरा महिने लागले, नळीला दोन.
शिकंज्यात आवळून दहा गोळ्या मारल्या:
नवी चौदा मिलिमीटर, जुनी सोळा.
मग माझ्या खांद्याला लावून:
नवी चोवीस.
जुनी चोवीस.
पट्ट्याखाली दंडातली शीर उडत होती,
तिच्यावर कुठल्याच कंपनीचा शिक्का नव्हता.
तरी नवीच ठेवली. पैसे गेले होते.

धायरीची अन्वया, वय सोळा,
क्लबची सात नंबरची रायफल घेऊन पडते,
दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
तिनं विचारलं, "ताई, नळी कुठली चांगली?"
मी पोलादापासून सुरुवात केली,
खाचा, पीळ, पिळाचा वेग...
"ताई, माझा नंबर आला," म्हणाली आणि गेली.
पहिली गोळी नऊ पॉइंट एक.
दुसरी आठ पॉइंट सात.
तिनं रायफलीकडे बघितलंसुद्धा नाही,
झेंड्याकडे बघितलं, कोपर बोटभर सरकवलं.
तिसरी मी पाहिली नाही. मला बँकेत जायचं होतं.

शनिवारी दस्तगीरभाईंनी बिस्किटांचा डबा उघडला.
आत तुकडेच तुकडे, अकरा जणांचे,
कागदाच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या.
माझा काढून दिला.
ट्यूबलाइटकडे धरून आत पाहिलं:
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ शाबूत असतो, पीळच झिजतो,
गोळीगणिक, कुणाला न कळता.
पण या चार इंचांतून इतकी वर्षं काही गेलंच नव्हतं.
आतली वळणं गोलगोल चमकत होती,
नव्यासारखी, निरुपयोगी.

"घ्या," म्हणत त्यांनी गोळी दिली, सळई दिली,
उठून पंखा बंद केला.
मी डोळे मिटले.
सरकली, सरकली, मग
"धरतेय," मी म्हटलं.
"धरणारच," ते म्हणाले,
आणि चहा सांगायला जिन्यात गेले.