साडेचार इंच

गाडी उचलली साडेचार इंच
आणि तिचे हात तोकडे पडले.

हे मला थर्लोनं सांगितलं, खड्ड्यात उभं राहून,
डोक्यावर माझी जुनी चेरोकी,
तोंडात न पेटवलेली सिगारेट.
"लांब स्प्रिंगा काय, कुणीही घालतं," तो म्हणाला,
"पण अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या या दांड्या बघ, माइते.
आडव्या होत्या, आता उतरणीला लागल्यात.
दगड आला की चाक वर जायचं सोडून
मागं ढकलतं, थेट चौकटीत.
तुझं स्टिअरिंग साठच्या वर
दारू न पिता झिंगतं, ते उगाच नाही."

मला वर जायचं होतं. मला म्हणजे आइताला.
एकोणिसाव्या वर्षी नवाराहून आलेला माझा बाप,
ज्यानं रुबीच्या उतारांवर दोन हजार मेंढ्यांमागे
तीस उन्हाळे काढले
आणि अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या सालीवर
चाकूच्या टोकानं नाव कोरलं.
झाडं आता म्हातारी झालीत. एकेक पडतंय.
मागल्या जूनमध्ये निम्म्या वाटेतून परतलो आम्ही.
झटक्यानंतर मेलेला डावा हात
उजव्या हातात कोकरासारखा धरून
तो बसला होता माझ्याशेजारी,
दर खड्ड्याला डोळे मिटून.
हूं की चूं केलं नाही.

थर्लोनं बाकावर माल मांडला.
मूळ मापाच्याच, जरा जाड, स्वस्त दांड्या
मी हातात घेऊन लगेच खाली ठेवल्या.
मग खाली उतरवणारे ब्रॅकेट:
कोन सुधारतो, पण खडकाला आधी तेच भेटतात.
मग ती चकचकीत जोडी, दोन्ही टोकांना गोल लोखंडी सांधे,
कुठंही वळतात,
शनिवारी पोरं रांग लावून नेतात म्हणे.
"आणि आवाज?" मी विचारलं.
"आवाज होणारच. लोखंड काही गिळत नाही.
जो खडा चाकाखाली, तो तुझ्या दाढेत."

रबर गिळतं.
रबराला कुणी फोटोत घेत नाही,
ते चिरतं, सुकतं, सात-आठ वर्षांत बदलावं लागतं,
पण तोवर मुकाट्यानं पोटात घेतं सगळं.
मला त्या घरातली एक बाई आठवली, नाव नाही घेत.

शेवटी लांब दांड्या घेतल्या,
चौकटीच्या टोकाला सांधा, अ‍ॅक्सलच्या टोकाला रबर.
अकराशे चाळीस डॉलर.
छताचे पैसे होते ते. गळतंय तर गळू दे,
एल्कोत पाऊस पडतो तरी किती.

जुने कान कापले, नवे जोडले, वेल्डिंगच्या निळ्या उजेडात
थर्लोची सिगारेट अजून कोरडीच.
भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत
मी टेप धरला, तो आटे फिरवत राहिला,
डावी-उजवी तंतोतंत होईपर्यंत.
मी पाना उचलला तसा ओरडला:
"हवेत आवळायचं नाही!
आधी उतरव. तिचं वजन तिच्या चाकांवर येऊ दे.
लटकताना आवळलंस
तर रबर जन्मभर पिळलेलंच राहील."

मी गाडी खाली घेतली.
तेलकट फरशीवर पाठ टेकून, तिच्या पोटाखाली,
एकेक बोल्ट आवळला.
कुणाकुणाला लटकताना आवळलं गेलं
त्याचा हिशोब करत बसले नाही. जवळपास केलाच.

सप्टेंबरात गेलो.
डांबरी वळणावर मी चाक सोडून पाहिलं:
आपणहून सरळ झालं ते,
थर्लोनं दिलेल्या त्या पाच-सहा अंशांच्या कलामुळं.
वर अ‍ॅस्पेन पिवळे पडायला लागले होते.
आइतानं नाव शोधलं.
झाड जाडलं तशी अक्षरं फुगून रुंद झालेली,
एखाद्या जाड्या माणसानं
त्याचा सदरा घालावा तशी.
बोटानं चाचपून तो हसला.
"हा कोण?" म्हणाला.

संध्याकाळी गाडीत बसवताना
मी चांगल्या रस्त्याकडे तोंड केलं होतं.
त्यानं मान हलवली.
उजव्या हातानं ओढ्याकडची वाट दाखवली.
"तिकडून," म्हणाला,
"तिकडे दगड जास्त आहेत."