कोरडी मोटर

मी कूलर दुरुस्त करतो,
तांडापेठेपासून मानेवाड्यापर्यंत.
पातं घासलं, ताटी सुकली,
टाकीत पाणी नसताना मोटर फिरली
की एक बारीक, चढा आवाज येतो.
तो मी गेटवरूनच ओळखतो.

घरातला नाही ओळखला.

एप्रिलची अखेर, पारा चव्वेचाळीस.
रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
अन् यामिनी म्हणते,
बाबा, कूलर बंद करा, थंडी वाजून राहिली.
मी हसलो. म्हटलं, पोट्टी चिखलदऱ्याहून आली काय.
तिनं गोधडी नाकापर्यंत ओढली.

पहाटे साडेचारला तिची सायकल निघते
रेशीमबागच्या मैदानाकडे.
पोलीस भरती. आठशे मीटर.
वहीत लिहून ठेवते:
फेब्रुवारीत तीन मिनिटं चार सेकंद.
मार्चमध्ये दोन छप्पन्न. त्या दिवशी समोसे आणले तिनं,
सगळ्यांसाठी, स्वतःला सोडून.
मग तीन एक. मग तीन अकरा.
पाय जास्त, वेळही जास्त.
असं गणित मी पाहिलं नव्हतं.

मैदानावर कोणीतरी म्हणालं होतं,
हलकी हो, उडशील.
तेव्हापासून तीन पोळ्यांच्या दोन, दोनाची एक,
अन् भात ताटाच्या कडेला, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.
रात्री मात्र मोबाईलवर
लोकांची स्वयंपाकघरं पाहत बसते.
कुठं वडाभातावर तेल ओततात,
कुठं पाटवडीचा रस्सा उकळतो,
हिचं तोंड अर्धं उघडं.

मोरीच्या जाळीतून मी काहीतरी उपसलं,
वाटलं ताटीतला वाळा.
केस होते.
घोट्याचं खरचटलेलं महिना झाला तरी ओलं.
नडगीला बोट लागलं की दचकते.
धाकट्यानं चार्जर मागितला तर रडली,
चार्जरसाठी.

कुंदा एका रात्री भिंतीकडे तोंड करून बोलली,
तिचं तीन महिन्यांपासून आलं नाही.
काय आलं नाही, मी विचारलं,
अन् मग गप्प झालो.

मानेवाड्याला एका बाईंचा कूलर उघडला.
मोटर जळून काळी.
कालपर्यंत तर चांगली चालून राहिली होती, बाई म्हणाल्या.
मी दरवेळी सांगतो तेच सांगितलं:
पाण्याबिगर चालवली, ताई.
चालते थोडे दिवस. जोरातही फिरते,
पाणी ओढायचं ओझं नसते ना.
मग आपलीच वाइंडिंग खाते.

बोललो,
अन् पाना हातात तसाच राहिला.

ती मोटर मी घरी आणली.
यामिनीपुढं ठेवली. वास घे, म्हटलं.
जळका येते.
टाकीत पाणी नव्हतं.
एवढंच जमलं मला.
ती उठून गेली. दार आपटलं.

मेडिकलमध्ये डॉक्टरीणबाईंनी नडगीचा फोटो काढायला लावला,
ताटात काय काय असते ते विचारलं.
पोट्टी खोटं बोलली, मग खरं बोलली.
बाई म्हणाल्या, सहा आठवडे धावणं बंद.
जेवणाला सुट्टी नाही.

आता ती सवयीनं साडेचारला उठते,
सायकलीच्या सीटवर हात ठेवते, परत येऊन पडते.
कधी दोन पोळ्या, कधी तीन.
एका मंगळवारी पुन्हा एक, कोणाशी बोलणं नाही.
बुधवारी शेजारच्या टपरीवरचे तर्री पोहे,
अन् प्लेटमध्ये उरलेला चणा बोटानं फिरवत म्हणाली,
बाबा, भरती निघून गेली तर?
मी काय सांगणार.
जाईल, म्हटलं. पुढल्या वर्षी पुन्हा येईल.
तिनं चणा खाल्ला.

नवतपाचा सातवा दिवस.
पत्र्यावर मांजरही पाय ठेवत नव्हतं.
मध्यरात्री अंधारातून आवाज आला,
चिडका, झोपेतला:
बाबा, कूलरमध्ये पाणी टाकलं काय?
लय गरम होऊन राहिलं.

टाकी भरलेली होती.
तरी मी उठून बादली शोधली.